कुशीवर

चौथ्या मजल्यावर मी कधी गेले नव्हते.
वीस वर्षं डबे जिन्याखालच्या टेबलापर्यंत,
तिथून वॉर्डबॉय नेतो, मोकळे आणून ठेवतो.
वरची माणसं मला भाकऱ्यांवरून माहीत:
दोन आणि भात नको,
तीन आणि ठेचा वेगळा,
एक, पण ज्वारीचीच.

आज मीच वर. केस धुऊन, तेल न लावता,
दुपारनंतर चहा बंद, असं कागदावर होतं.
नाव महानंदा चौगुले. वय बावन्न.
तक्रार म्हणून जावेनं लिहिलं, घोरणं.
ते खोडून मी लिहिलं, दिवसा पेंग येते.
खोटं नाही. तव्यासमोर डोळा लागला होता,
मनगटावर डाग आहे अजून.
पण पुरुष घोरला तर दमला म्हणतात.
बाई घोरली की लग्नाच्या ट्रॅक्समध्ये
कुरुंदवाडपर्यंत विषय पुरतो.
मीही हसले होते त्यांच्यात.

तौफिक मुजावर. तीन आणि ठेचा वेगळा.
तोंड आज पहिल्यांदा पाहिलं.
"मावशी, तुम्ही खानावळीच्या?" म्हणून तोही थबकला,
मग भांग पाडावा तशी केसांतून वाट काढत
गार लेपाचे ठिपके देत एकेक वायर चिकटवत गेला.
कपाळ, कानामागं, हनुवटी, पोटऱ्या.
छातीला पट्टा, पोटाला पट्टा, नाकाशी नळी,
बोटाला लाल दिवा.
सगळ्या वायरी मानेमागं गोळा केल्या, वेणीसारख्या,
आणि डबी दिली गळ्यात.
"झोपा आता," म्हणाला,
मी गिऱ्हाइकाला बसा जेवायला म्हणते, तसं.

ह्याच्यात कोण झोपेल?
कोपऱ्यात कॅमेरा. एसीचा वारा थेट गुडघ्यावर.
खाली पोर्चमध्ये जतचे, अथणीचे, सांगोल्याचे
सतरंज्या टाकून पडले असतील पिशव्या उशाला घेऊन,
घोरत असतील खुशाल.
त्यांचं कोण मोजतंय.

बाराच्या पुढं कधीतरी
छतातून आवाज आला,
"मावशी, कुशीवर होता का?"

हे कोपर मारायचे.
कोपर, आणि मग "कुशीवर हो",
सत्तावीस वर्षं एवढंच, ना एक शब्द जास्त ना कमी.
त्यांना जाऊन पाच वर्षं झाली.
तेव्हापासून मी पाठीवरच झोपते.
कुणी सांगितलंच नाही.

साडेपाचला दिवा लागला.
"डॉक्टर सांगतील, मी सांगायचं नसतं,"
असं म्हणत म्हणत तौफिकनं सांगितलं,
"तासाला सत्तेचाळीस वेळा श्वास थांबतो, मावशी."
सहा तास. दोनशे ब्याऐंशी.
रोजच्या भाकऱ्या दोनशे ऐंशी.
इतक्यांदा थांबले रात्रीत,
आणि मला वाटायचं मला थांबायला फुरसत नाही.

"झोपेत काही बोलले का रे?"
तो वायरी गुंडाळत राहिला जरा वेळ.
"मी कुशीवर व्हा म्हटल्यावर म्हणालात,
झाले हो, झाले. तुम्ही झोपा आता."

मग एक फॉर्म. ताजंतवानं वाटतंय का?
हो, नाही, थोडंसं.
ताजी मी मेथीला म्हणते.
तिन्ही चौकोन मोकळे ठेवून सही केली.
मास्कचं मशीन मिळतं म्हणे, हप्त्यावर.
रात्रभर नाकावर लावायचं, आवाज बारीक येतो.
बघू. गॅसवाल्याचं आधी द्यायचंय.

"आज डबा नको," जिन्यात तौफिक म्हणाला,
"दिवसभर झोपणार आता."
डोळे तांबारलेले त्याचे.
रात्रभर जागला होता पोरगा माझ्या नावानं,
पगारावर का होईना.

साडेसहाला परातीसमोर बसले.
तीन कमी. दोनशे सत्त्याहत्तर.
पीठ मळताना कपाळावरून काहीतरी पडलं,
वाळलेल्या लेपाचा पांढरा कपचा,
पिठात पीठच दिसणारा.
तेवढा गोळा काढून टाकला.
हात धुतले, केस पदराखाली घट्ट घेतले,
आणि पुन्हा पाणी घातलं.