तीन कॉलम, आठ सेंटिमीटर

केळशीकर साहेबांना आम्ही लंडन म्हणायचो.
पाठीमागं. समोर कोण म्हणणार जी.
तिकडच्या एका अमेरिकन जाहिरात कंपनीत
सोळा वर्षं हिशेब पाहून आले होते.
सारडा शेठनी रामदासपेठेत त्यांना काचेची केबिन दिली,
काचेवरचं नाव मीच रंगवलं,
आतून, उलटं, सोनेरी,
म्हणजे बाहेरून सुलट दिसावं.

मे महिना, सत्तेचाळीस डिग्री, आणि गळ्यात टाय.
कूलरची खस वाळली की आम्ही मगानं पाणी मारायचो,
ते उडणाऱ्या व्हाउचरांवर एकेक पेपरवेट ठेवत जायचे.
एकदा तर्रीपोहे मागवले. चमच्यानं खाल्ले.
डोळ्यांतून धार लागली, तरी म्हणाले, छान आहे.
दुसऱ्या दिवशी पुन्हा मागवले.
तेव्हापासून माणूस मला आवडायला लागला.

वहिनी दोन उन्हाळे टिकल्या.
तिसरा लागायच्या आत कौस्तुभला घेऊन
बहिणीकडे लेस्टरला गेल्या, शाळेचं निमित्त.
मग फोन. रोज संध्याकाळी सहाला.
काचेतून ऐकू येत नाही, दिसतं:
एक हात रिसीव्हरवर,
दुसरा हवेत काही समजावून सांगतोय,
मग तोही टेबलावर.

माघातली गोष्ट. सगळे घरी गेलेले.
"पौनीकर, तुमचा हात चांगला आहे.
शेठजींची सही काढता येईल?
दिवाळीच्या कार्डासाठी ब्लॉक करायचाय."
मी बटर पेपरवर अकरा वेळा काढली.
बाराव्या वेळी ती माझी राहिली नाही.
साहेबांनी कागद ट्यूबलाइटखाली धरला,
बराच वेळ धरला.

माघात कोणती दिवाळी, हे मी विचारलं नाही.
काऊन नाही विचारलं?
बाप्पा, मला काय कळत नव्हतं?
कौस्तुभच्या फीचं पत्र त्यांच्या टेबलावर
पेपरवेटखाली पंधरा दिवस पडून होतं,
डाव्या कोपऱ्यात तांबडा शिक्का.

आषाढात बँकेचा माणूस आला.
आरडाओरडा झाला नाही.
शेठ एवढंच बोलले, उद्याच्या पेपरात गेलं पाहिजे.
मजकूर ठरलेला असतो.
'सोबतच्या छायाचित्रातील इसमाशी
आमच्या संस्थेचा कोणताही संबंध राहिलेला नाही.
व्यवहार केल्यास आम्ही जबाबदार नाही.'
अशा सूचना मी शेकड्यानं लावल्या आहेत,
इतवारीतले मुनीम, पळून गेलेले ड्रायव्हर,
नालायक निघालेली पोरं.

फोटो एकच होता, दसऱ्याच्या पूजेतला.
ब्लेडनं आधी कौस्तुभ कापला. तो पुढं उभा होता, सोपं गेलं.
मग वहिनी.
साहेबांच्या खांद्यावर चार बोटं उरली.
काळा कोट होता म्हणून निभावलं,
काळ्या शाईत बोटं बुडवली.

तेवढ्यात ते आले, डबा न्यायला.
डबा माझ्याच टेबलाच्या कडेला होता.
आर्टवर्क पाहिलं. स्वतःचा चेहरा, खाली मजकूर.
खिशातून चष्मा काढला, पुन्हा पाहिलं,
आणि म्हणाले,
"चार कॉलम कशाला, पौनीकर?
तीन बाय आठमध्ये बसतं.
शेठचे पैसे वाचतील.
आणि 'जबाबदार'मधला ब थोडा खाली आलाय."

बटर पेपरचं नाव काढलं नाही.
मी पण नाही काढलं.
जिना उतरताना डब्याची कडी वाजत होती,
ती रस्त्यावर रिक्षांच्या आवाजात मिसळली.

पहिल्या तारखेला पगाराच्या पुस्तकात
मी माझ्या नावापुढं सही केली.
चाफले कॅशियरनं वही वळवली,
मागचं पान उघडून ताडून पाहिलं.
"ही तुमची नाही वाटत, पौनीकर," म्हणाला,
"परत करा."