शून्य अंशाचा पेला

कोथिंबीर काचेसारखी मोडली
तेव्हा सूनबाई म्हणाली, गॅस गेला असेल.
गॅस गेला तर गारवा कमी होतो, वाढत नाही, मी म्हणालो,
आणि बत्तीस वर्षं आयटीआयमध्ये पोरांना वायरिंग शिकवलेला माणूस
स्वयंपाकघरात शिरला,
हातात पिवळा मल्टिमीटर,
त्याची काळी वायर चिकटपट्टीनं बांधलेली.

दुधाच्या पिशवीत दगड.
वरच्या फळीवर, मागच्या भिंतीला टेकून माझं इन्सुलिन.
कुपी हलवली, आत काहीच हललं नाही.

तीन दिवस कॉम्प्रेसर थांबलाच नव्हता.
मी ऐकत होतो की. विश्रामबागेत रात्री दोननंतर
मिरजेकडं जाणारी मालगाडी आणि आमचा फ्रिज,
एवढंच जागं असतं. आणि मी.
वाटलं, उन्हाळा आहे, चालणारच.

कॉम्प्रेसरचा दोष नाही. पंख्याचा नाही.
दाराच्या रबरात दहाची नोट अडकवून ओढली,
फाटेल पण सुटणार नाही.
मग आतली मागची जाळी काढली, स्क्रू आमटीच्या वाटीत टाकले,
आणि सापडला तो, दोन वायरींच्या टोकाला,
शेंगदाण्याएवढा.
सगळं ह्याच्या सांगण्यावर चालतं.

पेल्यात बर्फ कुटून घाल, वर थोडं पाणी,
मी स्वरांगीला सांगितलं, ढवळ, आणि थांब.
बर्फ आणि पाणी एकत्र नांदतंय तोवर तिथं शून्यच असतं,
पेला कुणाच्या का घरचा असेना.
(एवढं एक वाक्य पोरांच्या डोक्यात राहिलं
तरी माझा पगार वसूल, असं मी वर्गात म्हणायचो.)

गारव्यात ह्याचा रोध वाढतो, उबेत घटतो.
बर्फात सोळा हजार ओहमच्या आसपास यायला हवा.
सहा हजार.
ढवळलं. सहा हजार.
मुठीत धरला, मूठ अजून गरम आहे माझी,
साडेपाच.
परत बर्फात. सहा.

म्हणजे नाकापर्यंत बर्फात बुडालेला
आणि सांगत होता, फाल्गुनातली सकाळ आहे, वीस अंश, छान आहे.
बोर्ड बिचारा विश्वास ठेवून
आणखी गार कर, आणखी गार कर.
आजोबा, खोटारडा आहे हा, स्वरांगी म्हणाली.
खोटारडा नाही गं.
आवरणाला केसाएवढी चीर, आत ओल शिरलेली.
त्याला खरंच तसं वाटत होतं.

गेल्या महिन्यात मिरजेला डॉक्टरीणबाईंनी
माझ्या तळव्यांना नायलॉनचा धागा टेकवून पाहिला.
डोळे मिटा, लागला की हो म्हणा.
मी दहा वेळा हो म्हणालो.
काका, त्या म्हणाल्या, मी सातच वेळा लावला,
आणि तोही एकाच पायाला.
घरी येऊन सांगितलं, सगळं ठीक आहे,
चप्पल तेवढी बदला म्हणाल्या.

गणपती पेठेतून नवा सेन्सर आणला, एकशेसाठ रुपये.
मुजावरांच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
वायरी पिळा न् टेप मारा, काय होतंय.
मी डाग दिला, वर स्लीव्ह चढवली.
जोडण्याआधी पेल्यात सोडला.
बर्फ अर्धा विरघळला होता, शून्य मात्र तसंच.
सोळा हजार एकशेदहा.
स्वरांगीनं आकडा वहीत लिहिला, खाली तारीख घातली,
माझ्या वर्गात कुणी न सांगता घातली नव्हती.

जाळी बसवली. एक स्क्रू उरला, तो उरतोच.
आणि थोड्या वेळानं कॉम्प्रेसर
खट् करून थांबला.

मी फ्रिजसमोर अनवाणी उभा राहून
ती शांतता ऐकत होतो,
भिंतीवरचं घड्याळसुद्धा वाजतं हे विसरलोच होतो,
तेव्हा मागून स्वरांगी म्हणाली,
आजोबा, पेला कधीचा लवंडलाय.
तुम्ही बर्फात उभे आहात.