न भांगललेले दोन गुंठे

भोपळ्याच्या वेलावर त्या साली
फुलं आली तशी गळाली.
देठाशी सुपारीएवढं फळ धरायचं,
पिवळं पडायचं, चार दिवसांत मऊ.
मी पहाटे उठून नरफूल खुडायचे,
पाकळ्या सोलून काढायचे,
आणि केसर मादीफुलाला टेकवत
वाकून वाकून फिरायचे वाफ्यातून.
माशीचं काम करत होते मी,
बिनपंखांची,
पंचावन्न किलोची.

दूधगंगेपासून आमच्या विहिरीपर्यंत नुसता ऊस.
उसाला कुणी लागत नाही.
कांडी पुरली की कांडीच उगवते.
बांध दोन्ही बाजूंनी कोरत कोरत
एक पाऊल मावेल एवढा राहिलेला,
त्यावरही पंप फिरलेला.
माशीनं यायचं कशाला,
बसायचं कुठं?

मी दोन गुंठे ऊस मोडला.
सासरे म्हणाले, हिशेब केलास काय?
केला होता. दोन टन.
वहीत लिहून वही मिटून ठेवली.

बियाणं कुठं मिळायचं पण?
कागलच्या दुकानात विचारलं, कुर्डू आहे? तेरडा?
दुकानदारानं मागं वळून
तणनाशकाची बाटली काढली.
"ह्यानं मुळासकट जातंय, वैनी."

बायनाबाई ऐकून एवढी हसली
की खुरपं खाली ठेवावं लागलं.
"दुकानात कशाला जातीस? मला इचार की."
चाळीस वर्षं भांगलण करणारी बाई.
कुठलं एका झटक्यात निघतं,
कुठलं मुळाशी तुटून आठवड्यात परत डोकं काढतं,
कुणाच्या चिकानं बोटं काळी होतात,
सगळं पाठ.
वैऱ्याला ओळखावं तसं.
छे, वैऱ्याला नव्हे,
भिंतीला भिंत असलेल्या शेजारणीला ओळखावं तसं.

दिवाळीनंतर तिनं
कालव्याच्या कडेची कुर्डूची कणसं चंचीत चोळून आणली,
तंबाखूच्या चुऱ्यात काळे चकचकीत दाणे.
तेरडा पदरात.
"त्याच्या बोंडाला बोट लावायचं न्हाई, उडतंय."
रानतिळाची पुरचुंडी बहिणीकडून, आजऱ्याहून.
"सोनकी मागू नगंस. ती पठारावरची, हितं तिला करमायची न्हाई."

मृगात पेरलं.
"मी आजवर ह्यांची मानगुटच धरत आलो," ती म्हणाली,
"आणि तू पेराय लावतीस."

पंधरा दिवसांनी बघते तर
ती त्या तुकड्यात उकिडवी बसलेली,
उजव्या हातात चार कोवळी रोपं, उपटलेली.
आम्ही दोघी त्या हाताकडे बघत राहिलो.
"हातच गेला गं," ती म्हणाली.
मग बोटानं भोकं पाडून
एकेक रोप परत लावलं,
तांब्यानं पाणी घातलं.
दोन जगली.

भाद्रपदात तुकडा गुलाबी झाला.
भांगलायला आलेल्या बाया बांधावर थांबून म्हणाल्या,
मगदूमाची सून येडी झाली.
एकीनं जाताना कुर्डू तोडून केसात खोवला.

एका सकाळी मी नरफूल खुडून
वाफ्यात वाकले,
तर मादीफुलात आधीच कुणीतरी होतं.
काळा भुंगा, पाठीवर पिवळी पूड,
आत तोंड खुपसून, माझ्याकडे पाठ करून.
हातातलं फूल कुठं ठेवावं कळेना.
तशीच उभी राहिले, पाय मुंग्यांनी भरेपर्यंत.

सात भोपळे धरले.
एक रानडुकरानं नेला, एक तळाशी सडला.
पाच म्हणजे काही फार नव्हेत,
सासऱ्यांनी ते मोठ्यानं मोजून दाखवले.

शनिवारी हजेरी मांडताना
बायनाबाईचं नाव लिहिलं, दिवस लिहिले,
सोमवारच्या कामापुढं पेन थांबलं.
सोमवारी ती दिवसभर तिथंच होती,
खुरपं कमरेला खोवून,
कोण कुठल्या फुलावर बसतंय ते मोजत.
"काय लिहू?" मी विचारलं.
"भांगलण लिव्ह," ती म्हणाली,
"पगार तेवढाच दे."