किल्ली

यादी घेतली असती तरी चाललं असतं.
चारशे बारा माणसं. वरून खाली शोधत गेलं
तरी चहा निवायच्या आत नाव सापडतं.
पण मला घाई.
मॅप घेतला. नाव द्या, मजुरी घ्या.
महापेच्या चौथ्या मजल्यावर मी स्वतःवरच खूश.

शनिवारी तुर्भ्याहून फोन, कांदा-बटाटा मार्केटातून.
मुकादम म्हणाला, मॅडम, धोंडीराम चिकणे दोन आहेत.
एक मेढ्याचा, एक केळघरचा.
पाकीट एकच आलंय.

गेले.
गाळ्याच्या पायरीवर दोघं टेकलेले,
मधे पाकीट, न फोडलेलं.
"ह्येचं आसंल," थोरला म्हणाला.
"न्हाय, त्येंचंच," धाकटा.

मॅप ओरडत नाही.
त्याच नावाचा दुसरा आला
की पहिल्याला मुकाट उठवतो,
त्याच्या जागी ह्याला बसवतो
आणि मोजून सांगतो: चारशे अकरा,
इतक्या सरळ चेहऱ्याने
की मीही विचारलं नव्हतं, एक कुठे गेला.
सेट घेतला असता,
तर त्याने दुसऱ्याला दारातूनच वळवलं असतं:
आहे की आत एक.

रात्री बसून किल्ली बदलली.
आता बिल्ल्याचा नंबर: २१७, ३०४.
थोरल्याची मजुरी सोमवारी, माफी मागून.

मुकादमाच्या वहीत नंबर नाहीतच.
तिथे एक धोंडीराम डाव्या खांद्याचा,
एक उजव्या.
बावीस वर्षं गोणी उतरतायत,
टक्कर म्हणून नाही.