कोरडा कणा

रेवदंड्याच्या कोटात, पाद्र्याची वाडी म्हणतात तिथे,
पोफळींच्या मधल्या बुजलेल्या विहिरीवर
आम्ही पाच जणांनी रहाट उभा केला,
पाणी न काढणारा.

चाक कोर्लईच्या इनास सोझने घडवलं
मोडक्या होडीच्या फळ्यांचं. खिळ्यांची भोकं बुजवू दिली नाहीत.
लोटे पेझारीहून आले, एकोणतीस.
तीन टेम्पोतच फुटले.
इनास म्हणाला, लावू तसेच,
फुटक्यालाही तोंड असतंच.

माझ्याकडे आवाज होता.
म्हणजे नव्हताच.
पंप आले, बैल विकले, चाकांचं सरपण झालं,
तेव्हा आवाजाचं काय करायचं
हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.
म्हणून मी माईक घेऊन दारोदार:
कसा वाजायचा हो?

द्वारकाबाई वर्तक अडकित्ता न थांबवता म्हणाल्या,
कुंईऽऽ कर्र, कुंईऽऽ कर्र.
आतून जाऊ ओरडली, तो तुमचा!
आमचा रडायचा नाही, घोरायचा.
नागावच्या मास्तरांनी डोळे मिटून
तोंडाने इतका वेळ रहाट चालवला
की नातू पाणी घेऊन आला.

सव्वीस तोंडं, सव्वीस रहाट,
एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही.
धड लोट्यांत एकेक स्पीकर, शिंपीएवढा.

भरतीच्या सुमाराला चालू केलं.
लोक खुर्च्यांवरून उठून आपापला रहाट शोधू लागले,
हा नव्हे, तो, तो खालचा.
मग हसूराम म्हात्रे आले. कान अर्धे गेलेले.
चाकाभोवती एक फेरी घातली, उलटी,
बैल जायचा तशी.
"कोरडा पडलाय," म्हणाले.
"कणा कोरडा पडलाय. झोपा कशा लागतात तुम्हाला?"

मी सांगितलं, काका, हा नुसता आवाज आहे.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
ताप चढलेल्या पोराकडे बघावं तसं.

सकाळी गडग्याचे दोन दगड खाली पडलेले,
आणि वाडीभर उंडीच्या तेलाचा वास.
कण्याला घातलं होतंच,
हात पोचला त्या प्रत्येक लोट्यातही.
एकवीस स्पीकर मुके.
उरलेले पाच जाड, मऊ,
पाण्याखालून कुणी हाक मारावी तसे.
कुणाचे ते मला यादी बघूनही कळेना.
लोट्याच्या काठावर मुंग्या चिकटल्या होत्या.
पुसू का, इनासने विचारलं,
आणि फडकं खिशात ठेवून दिलं.

दुपारी हसूरामांच्या पडवीत गेले.
भांडायलाच निघाले होते,
पण हात सवयीने माईककडे गेला.
तुमचा कसा वाजायचा?

"वाजायचा नाही."

बराच वेळ सुंभ वळत राहिले.

"वाजेल कशाला? मी होतो ना."

एवढंच आहे त्या फाइलमध्ये.
आणि मागे, शेजारच्या वाडीतला पंप.