सात अंश डावीकडे

नाचणेबाई म्हणाल्या, वळणावर कोणीतरी आतून ब्रेक धरतं.
सानपाड्याच्या पुलावरून उतरताना, रात्रपाळी संपवून,
स्पीड चाळीस, रस्ता कोरडा,
आणि समोर पिवळा दिवा, घसरत्या गाडीचं चित्र.
"मी घसरत नव्हते हो,"
जसा काही आरोप मीच केला होता.

तुर्भ्याला एमआयडीसीत माझी शेड, शेजारी मिरची कांडायची गिरणी.
शिंकत शिंकतच कोड वाचला:
यॉ सेन्सर. गाडी स्वतःभोवती किती फिरते
ते सांगणारा, गिअरमागे गालिच्याखाली बसलेला.
शोरूमनेही त्याचंच नाव घेतलं होतं.
अठ्ठावीस हजार, वर मजुरी.

फैयाज पाना घेऊन आलाच.
थांब, म्हटलं.
कोड म्हणजे नुसती तक्रार. पंचनामा व्हायचाय अजून.

पहाटे साडेपाचला पामबीचवर गाडी,
फैयाजच्या मांडीवर स्क्रीन, खाडीकडून चिखलाचा वास.
सरळ पट्टा. स्टिअरिंगवर माझी दोन बोटं.
वाच.
चाकं बावन्न, बावन्न, बावन्न, बावन्न.
यॉ शून्य.
स्टिअरिंग सात अंश डावीकडे.
पुन्हा वाच.
सात अंश डावीकडे.

रस्ता सरळ, गाडी सरळ,
आणि एकजण शपथेवर सांगतोय, आपण वळतोय.
बाकी कोणी वळण पाहिलेलं नाही.
कंप्युटरने मग काय केलं,
तर जो शून्य म्हणाला त्यालाच खोटा ठरवला.

बाईंना फोन. अलाइनमेंट कधी केलीत?
गणपतीत. पेणच्या अलीकडे खड्ड्यात आपटली,
तिथल्याच एका पोराने करून दिली.
स्टिअरिंग तिरकं दिसत होतं, ते काढून सरळ बसवलं.
दिसायला सरळ.
आतल्या सेन्सरला कोणी कळवलंच नाही.

सपाट फरशी, इंजिन चालू.
डावीकडे टोकापर्यंत, उजवीकडे टोकापर्यंत, मग मध्ये.
बटण. शून्य.
दिवा गेला. गिरणी चालूच.

काय बदललंत? बाईंनी विचारलं.
काही नाही.
मग पैसे कसले?
फैयाज माझ्याकडे बघायला लागला.
मी बाराशे म्हणालो, मग हजार.
त्यांनी बाराशेच मोजले, आणि निघता निघता थांबल्या:
"म्हणजे मला झोप लागली नव्हती."
नाही.
"तसं लिहून द्या. घरी दाखवायचंय."

बिलबुकात त्याला रकाना नाही.
सुट्या भागांसमोर रेघ मारली
आणि खाली, मजुरीच्या ओळीत, लिहिलं:
गाडी सरळ चालली होती.