एक जास्त

शनिवारी रात्री मेसेज जातो:
पूर्ण पँट, बंद बूट, टोपी, दोन बाटल्या पाणी.
अत्तर नको. कुरकुर वाजणाऱ्या पुड्या नकोत.
मग प्रश्न येतात.
तिथं बाथरूम आहे का?
बिबट्या आहे का?
दोन्हींना मी एकच उत्तर लिहिते:
आहे, पण दिसेलच असं नाही.

येऊरच्या फाटकाशी सव्वासातला
पहिली मोजणी. तेरा.
एकोणीस वर्षं नौपाड्याच्या शाखेत कॅशला बसलेय,
बोटांना सवय आहे.
फक्त नोटा जागच्या हलत नाहीत
आणि नोटांना मधेच शू लागत नाही.

ओढ्याशी तेरा.
वारुळाशी तेरा; शर्विल कान लावून बसलेला,
आत काय बोलतायत ते सांगायला तयार नाही.
चढाच्या आधी पुन्हा तेरा,
त्यातली ओवी बाबाच्या खांद्यावर,
तिला पूर्ण धरायची की अर्धी, यावर मागे हशा.

आम्ही फार चालत नाही.
दोन किलोमीटरला अडीच तास.
मोठ्यांना वर पोचायचं असतं,
पोरांना प्रत्येक दगडाची खालची बाजू बघायची असते.
केयूरच्या खिशात आत्तापर्यंत
सात बिया, गोगलगायीचं रिकामं घर,
आणि कुणाचं तरी हाड.
हाडाचं त्याच्या आईला अजून माहीत नाही.

सावरीखाली बसलो.
जाड लाल फुलं धप्पकन पडायची
आणि दर वेळी पोरं अशी ओरडायची
जणू त्यांनीच पाडलं.
डबे उघडले. मी मोजलं.
चौदा.

पुन्हा, उलट्या बाजूनं. चौदा.

कमी भरलं तर काय, ते पाठ आहे:
शिट्टी, दोघं मागे, दोघं ओढ्याकडे, मी जागेवर.
रात्री अंथरुणात त्याची तालीम करते,
नवऱ्याला वाटतं झोपलेय.
जास्तीची तालीम कधी केली नव्हती.
बँकेत मात्र शिकवलं होतं:
जास्त भरलेली कॅशही चूकच.
ती कुणाच्या खिशात जात नाही.
वेगळी ठेवायची
आणि मागायला कोण येतं त्याची वाट बघायची.

तनया आणि अलिनाच्या मधे बसला होता तो,
निळ्या स्लिपर, तोंडात लाडू,
मांडीशी मिठाची पुडी, चार कांदे, काड्यापेटी.
नाव काय रे?
नवसू.
कुठून आलास?
फाटकाकडे बोट. दुकानातून.
कुठं निघालास?
वर बोट. घरी.
मग इथं कसा?
तुम्ही वाटेत बसलाय.

आम्ही सगळे, सतरंजीसकट,
जरा जरा सरकलो.

तो काही उठला नाही.
त्याला दुर्बीण हवी होती.
केयूरनं आधी आपली टर्न घेतली, मग परत घेतली,
मग दिली.
पक्षी तिकडे, असं तिघांनी तीन दिशांना दाखवलं.
नवसूनं ती पाड्याकडे लावली,
बराच वेळ काही बोलला नाही,
मग एकदम हसला:
आमची शेळी! केवढी झाली!
आणि जरा डावीकडे वळवून, हसू थांबवून:
आई बाहेर येऊन बघतेय.

मीठ उचललं, कांदे उचलले
आणि आमची चढण, जिला आम्ही सव्वा तास ठेवलाय,
त्यानं स्लिपर फटफटवत संपवली.

फाटकाशी तेरा.
पालकांनी आपापलं ताब्यात घेतलं,
हिशेब जुळला, सह्या नसतात एवढंच.
घरी सॅक झटकली
तर सतरंजीच्या घडीतून काड्यापेटी पडली.

रात्री काड्या मोजल्या. सदतीस.
येत्या रविवारी तेवढ्याच द्यायच्या आहेत.